ओमेगा सेंटॉरीच्या पोटात कृष्णविवर आहे की नाही? सात ताऱ्यांवरून सुरू झालेला वाद

जुलै २०२४ मध्ये जगभरातल्या न्यूज वेबसाइट्सवर एक बातमी झळकली. आपल्या आकाशगंगेतल्या एका तारकागुच्छात मध्यम वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचे भक्कम पुरावे मिळाले आहेत, अशी ती बातमी. अनेक ठिकाणी मथळ्यापर्यंत येईतो ‘पुरावे मिळाले’चं ‘सापडलं’ झालं.

पण अवघ्या काही महिन्यांत दुसऱ्या एका टीमचा अभ्यास आला. त्याचं म्हणणं होतं की, एवढं मोठं कृष्णविवर तिथे असणं आकड्यांत बसत नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींनी त्याच जागेवर कान लावला, तर तिथूनही काहीच ऐकू आलं नाही.

मग पहिली बातमी खोटी होती का? तर नाही. दोन्ही टीम नावाजलेल्या आहेत आणि दोघांचे शोधनिबंध तज्ज्ञांच्या तपासणीतून गेले आहेत. तरीही दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. असं का झालं आणि या भांडणाच्या निकालावर एवढं काय अवलंबून आहे, हे जरा सविस्तर पाहू.

ओमेगा सेंटॉरी म्हणजे नेमकं काय?

आकाशात तारकागुच्छ दोन प्रकारचे दिसतात. कृत्तिकेसारखे खुले तारकागुच्छ आणि दुसरे बंदिस्त तारकागुच्छ. खुल्या गुच्छात काहीशे ते काही हजार तारे असतात आणि ते तुलनेने तरुण असतात. बंदिस्त गुच्छात लाखो तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. त्यांचा आकार चेंडूसारखा गोल असतो आणि त्यातले तारे म्हातारे असतात. सूर्याचं वय साधारण ४६० कोटी वर्षं आहे. बंदिस्त गुच्छातल्या अनेक ताऱ्यांचं वय १,००० ते १,३०० कोटी वर्षांच्या घरात जातं. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेहून जास्त गुच्छ माहीत आहेत.

ओमेगा सेंटॉरी हा त्यातला सगळ्यात मोठा. नरतुरंग तारकासमूहात असलेला हा गुच्छ पृथ्वीपासून अंदाजे १७ ते १८ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा व्यास सुमारे १५० प्रकाशवर्षं असून त्यात जवळपास एक कोटी तारे आहेत. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. ओमेगा सेंटॉरीच्या मध्यभागी मात्र दोन ताऱ्यांमधलं सरासरी अंतर प्रकाशवर्षाच्या दहाव्या भागाइतकंच भरतं.

त्याच्या नावामागेही एक गंमत आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने याची नोंद एक तारा म्हणून केली. १६०३ मध्ये योहान बायर या जर्मन अभ्यासकाने ताऱ्यांना ग्रीक अक्षरं देताना याला ‘ओमेगा’ हे अक्षर दिलं. १६७७ मध्ये धूमकेतूमुळे पुढे प्रसिद्ध झालेला एडमंड हॅली दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेला असताना त्याच्या लक्षात आलं की, हा ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धुरकट दिसतो. एक कोटी तारे, पण नाव अजूनही एकाच ताऱ्याचं.

हा गुच्छ बाकीच्यांपेक्षा वेगळा का मानला जातो?

साधारणपणे एका बंदिस्त गुच्छातले तारे जवळपास एकाच काळात जन्मलेले असतात. ओमेगा सेंटॉरीत मात्र ताऱ्यांच्या अनेक पिढ्या आढळतात. त्यांच्यातलं लोहासारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं आहे. असा प्रकार सहसा दीर्घिकेत, म्हणजे गॅलेक्सीत दिसतो.

त्यामुळे बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांचं मत असं आहे की, ओमेगा सेंटॉरी मुळात एका छोट्या दीर्घिकेचा गाभा होता. अब्जावधी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने ती दीर्घिका गिळली. बाहेरचे तारे विखुरले गेले आणि घट्ट गाभा तेवढा शिल्लक राहिला. आंबा खाल्ल्यावर कोय उरावी, तसा.

कृष्णविवराचा प्रश्न इथूनच सुरू होतो. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवरं असतात. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सूर्याच्या ४० लाख पटींहून जास्त वजनाचं आहे. मग गिळलेल्या छोट्या दीर्घिकेच्या गाभ्यातही त्या मानाने छोटं कृष्णविवर असायला हवं, असा हा तर्क.

‘मध्यम’ कृष्णविवर एवढं महत्त्वाचं का?

कृष्णविवरांच्या दोन जाती चांगल्या ओळखीच्या आहेत. एक छोटी, मोठे तारे मेल्यावर तयार होणारी. त्यांचं वस्तुमान सूर्याच्या काही पटींपासून साधारण शंभर पटींपर्यंत असतं. दुसरी महाकाय, लाखो ते अब्जावधी पटींची, दीर्घिकांच्या केंद्रात बसलेली.

मधला जिना मात्र जवळजवळ रिकामा आहे. शंभर पट ते एक लाख पट या टप्प्यात ठामपणे बोट ठेवता येईल अशी उदाहरणं फार थोडी आहेत. महाकाय कृष्णविवरं छोट्यांपासून हळूहळू वाढत गेली असतील, तर वाटेत अडकलेली मधली कृष्णविवरं कुठेतरी सापडायलाच हवीत. ती सापडत नसतील, तर महाकाय कृष्णविवरं जन्मली कशी याचं उत्तर नव्याने शोधावं लागेल.

गुरुत्वीय लहरींमुळे या जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसू लागल्या आहेत. २१ मे २०१९ रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी पकडलेल्या टकरीतून सूर्याच्या सुमारे १४२ पट वजनाचं कृष्णविवर तयार झालं होतं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टकरीत हा आकडा सुमारे २२५ वर गेला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार असलेली लायगो-इंडिया वेधशाळा याच जाळ्याचा भाग असेल. पण हजारो पट वजनाच्या पायऱ्या या वेधशाळांच्या टप्प्यात येत नाहीत. तिथे ओमेगा सेंटॉरीसारख्या जागाच धुंडाळाव्या लागतात.

शिवाय हे कृष्णविवर खरंच असेल, तर आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवरापेक्षा ते आपल्याला जवळ असेल. म्हणजे अभ्यासालाही सोपं.

२०२४ मध्ये काय सापडलं?

जर्मनीतल्या हायडेलबर्गमधली मॅक्स प्लांक खगोलशास्त्र संस्था आणि तिथला पीएचडीचा विद्यार्थी मॅक्सिमिलियान हेबर्ले यांच्या नावावर हे काम जमा आहे. नादिन नॉयमायर आणि अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे अनिल सेठ यांनी २०१९ मध्ये या प्रकल्पाची आखणी केली होती.

या टीमने नवीन दुर्बीण वापरली नाही. हबल दुर्बिणीने दोन दशकांहून जास्त काळात काढलेले ओमेगा सेंटॉरीचे ५०० हून अधिक जुने फोटो त्यांनी बाहेर काढले. यातले बहुतेक फोटो कुठल्या शोधासाठी काढलेलेच नव्हते. हबलवरचे कॅमेरे नीट काम करतात का, हे तपासायला अधूनमधून एखाद्या ताऱ्यांनी गच्च भरलेल्या जागेचा फोटो घ्यावा लागतो. त्यासाठी ओमेगा सेंटॉरी सोयीचा होता. देखभालीसाठी काढलेले हे फोटो वीस वर्षं पडून होते, तेच इथे कामी आले.

एकाच जागेचे वर्षानुवर्षांचे फोटो शेजारी ठेवले की प्रत्येक तारा किंचित किती सरकला हे मोजता येतं. टीमने जवळपास १४ लाख ताऱ्यांचे वेग मोजून यादी तयार केली. त्यातून गुच्छाच्या अगदी केंद्राजवळ सात तारे वेगळे उठून दिसले. ते इतके वेगात पळत होते की, एव्हाना ते गुच्छ सोडून निघून जायला हवे होते.

वेगावरून वजन कसं काढतात?

गोफण डोळ्यांसमोर आणा. दगड जितका जोरात फिरवाल, तितकी दोरी घट्ट धरावी लागते. दोरी सुटली की दगड भिरकावला जातो. ताऱ्यांच्या बाबतीत दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. तारा खूप वेगात फिरतोय आणि तरीही निसटत नाहीये, याचा अर्थ मध्यभागी त्याला धरून ठेवणारं काहीतरी जड आहे. वेग माहीत असला की ते किती जड असायला हवं, याचा हिशोब मांडता येतो.

सात ताऱ्यांच्या वेगावरून हेबर्ले यांच्या टीमने काढलेला आकडा होता किमान ८,२०० सूर्य. म्हणजे केंद्रात सूर्याच्या निदान ८,२०० पट वजनाची आणि अजिबात न दिसणारी वस्तू असली पाहिजे. एवढ्याशा जागेत एवढं वजन आणि उजेड शून्य, म्हणजे कृष्णविवर. १० जुलै २०२४ रोजी ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

यावर एक साहजिक शंका निघते. ते सात तारे बांधलेलेच आहेत कशावरून? कुणाचा तरी धक्का बसून ते आत्ता बाहेर निघालेले असतील तर? या शंकेला उत्तर असं की, ज्या भागात ते दिसतात तो भाग प्रकाशवर्षाच्या पाव हिश्श्याएवढा आहे. त्यांच्या वेगाने तो पार करायला हजार-एक वर्षं पुरतात. ज्या गुच्छाचं वय हजार कोटी वर्षांपुढे मोजतात, तिथे एकाच वेळी सात तारे नेमके त्या हजार वर्षांत सापडावेत, हा योगायोग फारच मोठा झाला.

मग दुसऱ्या टीमचं म्हणणं काय?

स्पेनमधल्या कॅनरी बेटांवरच्या खगोलभौतिकी संस्थेतले अँड्रेस बान्यारेस-हर्नांडेस आणि ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठातले जस्टिन रीड यांच्यासह एका टीमने वेगळी वाट धरली. त्यांनी ताऱ्यांच्या वेगांना पल्सारची जोड दिली.

पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. दीपगृहाच्या दिव्यासारखा त्याचा रेडिओ झोत ठरावीक वेळाने पृथ्वीवरून जातो. ही वेळ इतकी नियमित असते की पल्सारला घड्याळच म्हणता येतं. आता हे घड्याळ गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणात ओढलं जात असेल, तर ठोक्यांमधल्या वेळेत बारीकसा फरक पडत जातो. पुढून येणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या सायरनचा आवाज बदलतो, त्याच जातीचा हा फरक. त्यावरून तिथली ओढ किती आहे हे थेट मोजता येतं.

ओमेगा सेंटॉरीतले पहिले पाच पल्सार ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने शोधले आणि त्यांचा निबंध २०२० मध्ये आला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने आणखी १३ शोधले आणि संख्या १८ झाली. बंदिस्त गुच्छांमध्ये पल्सार शोधण्याच्या कामात पुणे जिल्ह्यातली जीएमआरटी दुर्बीणही आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या या दुर्बिणीने शोधलेला पहिलाच पल्सार एनजीसी १८५१ नावाच्या बंदिस्त गुच्छातला होता.

पल्सार आणि तारे असा दोन्हींचा हिशोब एकत्र मांडल्यावर चित्र बदललं. केंद्रात न दिसणारं वजन आहे, हे या टीमलाही मान्य आहे. किंबहुना त्यांच्या मते ते सूर्याच्या दोन ते तीन लाख पट आहे. पण ते एका बिंदूत गोळा झालेलं नसून पसरलेलं आहे. म्हणजे एकच मोठं कृष्णविवर असण्यापेक्षा छोट्या कृष्णविवरांचा आणि इतर मृत ताऱ्यांचा थवा तिथे असण्याची शक्यता जास्त. मध्यम कृष्णविवर असलंच, तर ते फार तर ६,००० सूर्यांचं असेल, अशी मर्यादा त्यांनी घातली. जानेवारी २०२५ मध्ये ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या नियतकालिकात हा निबंध छापून आला.

असा थवा मध्यभागी जमणं अजब नाही. गढूळ पाणी भांड्यात ठेवलं की माती तळाशी बसते. गुच्छातही ताऱ्यांच्या धक्काबुक्कीत जड वस्तू हळूहळू केंद्राकडे सरकतात आणि हलके तारे बाहेर ढकलले जातात. कोट्यवधी वर्षांत मेलेल्या मोठ्या ताऱ्यांची कृष्णविवरं मध्यभागी गोळा होणं, हे याच नियमाला धरून आहे.

आता अडचण उघड आहे. एका टीमचा किमान आकडा ८,२०० आणि दुसरीचा कमाल आकडा ६,०००. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. थव्याचं गणित खरं असेल, तर त्या सात ताऱ्यांना कोण धरून ठेवतंय, याचं उत्तर द्यावं लागेल. कृष्णविवर खरं असेल, तर पल्सारच्या घड्याळांत त्याची खूण का उमटत नाही, हे सांगावं लागेल.

हा वाद नवा आहे का?

अजिबात नाही. २००८ मध्ये एव्हा नोयोला आणि सहकाऱ्यांनी हबल आणि जेमिनी दुर्बिणींच्या मदतीने इथे सूर्याच्या ४० हजार पट वजनाचं कृष्णविवर असल्याचं म्हटलं होतं. २०१० मध्ये रोएलँड व्हॅन डर मारेल आणि जे अँडरसन यांनी हबलच्याच नोंदी वापरून हा आकडा खाली आणला. त्यांच्या मते तो फार तर १२ हजारांच्या आसपास असू शकतो. गुच्छाचं केंद्र नेमकं कुठे धरायचं, यावरही दोघांचं एकमत नव्हतं. एक कोटी ताऱ्यांच्या गर्दीत मध्यबिंदू ठरवणं सोपं नसतं आणि तो थोडा जरी सरकला तरी पुढचं सगळं गणित सरकतं.

म्हणजे २००८ पासूनचा हिशोब लावला तर आकडा ४० हजारांवरून १२ हजारांवर आणि आता ८ ते ६ हजारांच्या पट्ट्यात आला आहे. वाद मिटलेला नसला तरी त्याचं मैदान बरंच लहान झालं आहे.

रेडिओ दुर्बिणींना काहीच का दिसलं नाही?

कृष्णविवर स्वतः दिसत नाही. पण त्यात वायू पडत असेल तर पडता पडता तो तापतो आणि क्ष-किरण, रेडिओ लहरी बाहेर टाकतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया टेलिस्कोप कॉम्पॅक्ट ॲरे या रेडिओ दुर्बिणींच्या मांडणीने घेतलेल्या सुमारे १७० तासांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष समोर आला. कृष्णविवर जिथे असायला हवं, तिथून एकही संकेत मिळाला नव्हता.

याचा अर्थ कृष्णविवर नाहीच, असा लगेच होत नाही. बंदिस्त गुच्छांमध्ये वायू फार कमी उरलेला असतो. खायलाच काही नसेल तर कृष्णविवर गप्प बसणार. त्यामुळे रेडिओतली शांतता दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येते. एवढं मात्र नक्की झालं की, तिथे कृष्णविवर असलंच तर ते जवळजवळ उपाशी आहे.

निकाल कधी लागणार?

सगळ्यात मोठी कमतरता एका माहितीची आहे. हबलच्या फोटोंवरून तारे आकाशाच्या पटावर आडवे-उभे किती सरकतात हे कळतं. पण ते आपल्या दिशेने येतायत की दूर जातायत, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी त्या सात ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो. हे तारे अंधुक आहेत आणि शेजारच्या तेजस्वी ताऱ्यांच्या झगमगाटात बुडालेले आहेत. हेबर्ले यांच्या टीमला यासाठी जेम्स वेब दुर्बिणीचा वेळ मिळाला आहे. चिलीमध्ये बांधकाम सुरू असलेली ३९ मीटर आरशाची एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप तयार झाली की ही गर्दी आणखी स्पष्टपणे वेगळी करता येईल.

दुसरीकडे पल्सारवाल्यांना आणखी पल्सार हवे आहेत, विशेषतः केंद्राच्या अगदी जवळचे. मोजणी जितकी वर्षं चालेल, तितकी ही घड्याळं अचूक वाचता येतात. आणि सात ताऱ्यांपैकी एखाद्याचा मार्ग थोडा जरी वळलेला दिसला, तर तो किती वळला यावरून वजनाचा प्रश्न बराचसा सुटेल. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर याच पद्धतीने सिद्ध झालं. तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजणाऱ्या राइनहार्ट गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

तोपर्यंत ‘कृष्णविवर सापडलं’ आणि ‘कृष्णविवर नाहीच’ हे दोन्ही मथळे दिसले तर त्यातला आकडा किमान आहे की कमाल, आणि तो कशावरून काढलाय, एवढं पाहून घेतलेलं बरं.

महाराष्ट्रातून हा गुच्छ दिसतो का?

दिसतो, आणि युरोपातल्या बहुतेकांना जे जमत नाही ते इथे जमतं. हायडेलबर्गमध्ये बसून काम करणाऱ्या टीमला आपल्या शहरातून ओमेगा सेंटॉरी कधीच दिसत नाही, कारण तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. मुंबई-पुण्याहून मात्र तो दक्षिण क्षितिजापासून २३-२४ अंश वर येतो, गोव्यातून २७ अंशांपर्यंत.

शोधायची खूण सोपी आहे. ज्या चित्रा नक्षत्रावरून चैत्र महिन्याला नाव मिळालं, त्यातला चित्रा हा ठळक तारा बरोबर दक्षिणेला आला की ओमेगा सेंटॉरी जवळजवळ सरळ त्याच्या खाली असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. चित्रापासून साडेतीन मुठी खाली आलं की तो ठिपका येतो. एप्रिलच्या मध्यावर ही वेळ रात्री साडेबाराच्या सुमारास येते, मेच्या मध्यावर साडेदहाच्या आणि जूनच्या मध्यावर साडेआठच्या. पण जूनमध्ये ढग किती साथ देतील, हे सांगायला नको.

शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तो सापडणं अवघड आहे. चांदणं नसलेली रात्र, दक्षिणेकडे मोकळं क्षितिज आणि साधी दुर्बीण एवढं हवं. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलेल्या नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पातून तो क्षितिजापासून वीस-एक अंशांवर येतो. साध्या दुर्बिणीत दिसतो तो कापसाच्या बोळ्यासारखा धुरकट गोळा. ते सात तारे त्याच्या मधोमध आहेत, पण ते पाहायला हबलच लागते.